दिवेलागणीची फायनल

टीव्हीची जागा बदलायची तर नवा पॉइंट काढावा लागेल, आणि नवा पॉइंट काढायचा तर भिंत फोडावी लागेल, असं वायरमननं सांगितलं. तेव्हा मार्तंडराव अबदागिऱ्यांनी टीव्ही होता तिथंच राहू दिला आणि मुलगी जरा बाजूला उभी करायचं ठरवलं. देवासच्या त्यांच्या घरात बैठकीच्या खोलीला एकच पॉइंट होता, तोही स्वयंपाकघराच्या दाराला लागून. त्यामुळे टीव्ही दाराशेजारी आणि पाहणाऱ्यांची तोंडं दाराकडे. स्वयंपाकघरातून जो कोणी पोहे घेऊन बाहेर येईल, तो पडद्याला घासूनच येणार होता.

"दादा, तेवढ्यापुरता टीव्ही बंद ठेवला तर?" नलिनीनं वडिलांना विचारलं.

"रविवारी टीव्ही बंद?" मार्तंडराव असे दचकले, की जणू मुलीनं देव्हाऱ्यातले देव पोत्यात भरायला सांगितले असावेत. "गल्लीला काय सांगू मी?"

गल्लीला काही सांगणं खरंच अवघड होतं. सबंध गल्लीत रंगीत टीव्ही एकच. रविवारच्या पिक्चरला संध्याकाळपासून माणसं येऊन बसत, आणि मार्तंडराव मधल्या खुर्चीत बसून त्यांचे नमस्कार घेत. त्यांचे आजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांवर अबदागीर धरत. मिरवणुकीत राजाला ऊन लागू नये म्हणून धरायची ती छत्री. पुढे राज्य गेलं, मिरवणूक गेली, छत्रीही कुठंशी गेली, आणि मार्तंडराव कारखान्याच्या टाइम ऑफिसात लोकांच्या हजेऱ्या मांडत म्हातारे झाले. इतक्या वर्षांनी टीव्हीनं त्यांना दरबार परत दिला होता. तो मुलीच्या लग्नासारख्या किरकोळ कारणासाठी ते कसा मोडणार?

नलिनी मुलींच्या शाळेत शिकवायची. तिशीला टेकली होती. तिला पाहायला येणाऱ्यांची आता तिला लाज वाटत नसे, राग येत असे, आणि तो राग ती कांदा चिरण्यात काढत असे. या वेळची गोष्ट मात्र वेगळी होती. हे स्थळ तिला हवं होतं. अक्कानं, म्हणजे तिच्या आत्यानं, धारहून फोटो आणला होता. अरविंद चोपदार, तिरल्याच्या ब्लॉक ऑफिसात नोकरी. फोटोत तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि चेहऱ्यावर कसलाही आव नव्हता.

"पोरगा एकदम सीधा आहे," अक्का म्हणाली होती. "घरात आहे की नाही ते समजत नाही. आवाज म्हणून नाही त्याचा."

पहाटे खाकरण्यापासून वडिलांचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला एवढं वर्णन पुरेसं होतं. नलिनीनं तो फोटो शाळेच्या पुस्तकात ठेवला आणि आठवडाभर ते पुस्तक शाळेत नेलं, आणलं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्याजोगं त्या घरात कुणी नव्हतंच.

वेळ दिवेलागणीची ठरली, कारण अबदागिऱ्यांच्या घरचा तसा रिवाज होता. त्यांच्याकडे मुलगी दाखवत ती दिवा घेऊन येताना. तिन्हीसांजेला मुलगी हातात समई घेऊन बैठकीत येणार, दिवा कोनाड्यात ठेवणार, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणार, आणि त्या उजेडात पाहुण्यांनी तिचा चेहरा पाहायचा. नलिनीच्या आजीला असंच पाहिलं होतं, आईला, म्हणजे माईला, असंच पाहिलं होतं. माई या रिवाजाबद्दल फार बोलत नसे. विजेच्या दिव्यात दादा तिला नीट दिसले असते, तर काय झालं असतं कोण जाणे, एवढंच ती एकदा म्हणाली होती.

वीज हा त्या घरात नलिनीचा विषय होता. मेन स्विच स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर. टीव्ही आल्यापासून फ्यूज वरचेवर उडायचा, आणि राजाच्या डोक्यावर छत्री धरणाऱ्यांच्या नातवाला तारेला हात लावायची भीती वाटायची. त्यामुळे स्टुलावर चढून फ्यूज बसवणं, खटका ओढणं, सगळं नलिनी करायची. स्विच नेमका कुठं आहे हे मार्तंडरावांना अजून ठाऊक नव्हतं.

रविवार आला. माईची महेश्वरी साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून नलिनी संध्याकाळपासून स्वयंपाकघरात तयार होती. बाहेर गल्ली जमली. आणि टीव्हीवरच्या बाईनं गोड हसून सांगितलं, की आज पिक्चर नाही. विलायतेतून टेनिसची फायनल दाखवणार.

"ऐसा कैसा?" शेजारचे जगदेवराव उसळले. ते घरात मराठी बोलत आणि जरा कुठं अन्याय झाला की हिंदीवर येत. "भिया, पिक्चर काँ है? हमको ये चड्डीवाले क्यों दिखा रिये हैं?"

नलिनीनं स्वयंपाकघरात देवाला हात जोडले. तिला वाटलं, आता गल्ली घरी जाईल, टीव्ही बंद होईल आणि अरविंद चोपदार निवांत तिच्याकडे पाहील. पण गल्लीला ती ओळखत नव्हती, असंच म्हणायला पाहिजे. बसायला जागा मिळाल्यावर उठून जाणं देवासात कमीपणाचं समजतात. आणि जिला जागा मिळाली नव्हती, ती मंडळी बैठकीच्या दोन्ही खिडक्यांत हनुवट्या टेकून उभी होती. ती तर मुळीच हलणार नव्हती.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. धारचे पाहुणे आले. यशवंतराव चोपदार, पिळदार मिशांचे. त्यांच्या पत्नी जानकीबाई, मऊ, थकलेल्या. आणि मागे अरविंद, फोटोतल्यासारखाच. गल्लीनं सरकून सरकून त्यांना पुढच्या रांगेत जागा करून दिली. यशवंतराव टेकले, घाम पुसला, आणि समोर पाहून म्हणाले, "वा! रंगीत आहे?"

"रंगीतच," मार्तंडराव म्हणाले. "आम्ही ब्लॅक अँड व्हाइट घेतलाच नाही."

स्थळाविषयीचं बोलणं तेवढंच झालं.

पडद्यावर दोघं खेळत होते. त्यांची नावं इंग्रजीत येऊन जात आणि कुणाच्याही तोंडात बसत नसत. म्हणून गल्लीनं पाच मिनिटांत दोघांचं बारसं केलं. एक वयानं मोठा, डोक्यावर पांढरी टोपी, तो टोपीवाला. दुसरा कोवळा, कपाळाला लाल पट्टी बांधलेला, तो पट्टीवाला. टोपीवाला मागच्या रेषेवर उभा राहायचा आणि आलेला प्रत्येक चेंडू मुकाट्यानं परत करायचा. जिंकला तरी हसत नव्हता, हरला तरी कपाळाला आठी नव्हती. पट्टीवाला मात्र जाळ्याकडे धावायचा, लोळायचा, रॅकेट आपटायचा आणि उंच खुर्चीवर बसलेल्या पंचाशी भांडायचा.

"हा टोपीवाला आपला," मार्तंडरावांनी जाहीर केलं. "खानदानी दिसतो. थोरल्या पातीचा माणूस असाच असतो. गडबड नाही."

"छे हो! अंगात रग आहे ती पट्टीवाल्याच्या," यशवंतराव म्हणाले.

"रग नाही, उद्धटपणा आहे तो."

"जागच्या जागी उभं राहण्याला खानदानी म्हणतात होय तुमच्यात?"

जगदेवरावांचं दुःख वेगळंच होतं. "पहले पंद्रा. फिर तीस. तो फिर पैंतालीस होना चइये कि नी? ये चालीस बोल रिया है. पाँच कौन खा गया?" ते दर गेमला विचारत होते आणि दर गेमला कुणीतरी त्यांना गप्प करत होतं.

दिवेलागण झाली. माईनं समई उजळली आणि नलिनीच्या हातात दिली. "हळू चाल. मान खाली. आणि हसू नको गं, हसलीस की तू मोठी दिसतेस."

नलिनी दाराबाहेर आली. टीव्ही नीट दिसावा म्हणून बैठकीतला दिवा कुणीतरी आधीच घालवला होता, त्यामुळे तिच्या हातातली समई फारच शोभून दिसली असती, जर कुणी तिच्याकडे पाहिलं असतं. पहिला सेट टोपीवाल्यानं घेतला होता आणि दुसरा संपत आला होता. ती दारात उभी राहिली. खोलीभर निळसर चेहरे, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या कोपराच्या शेजारी.

मग पुढच्या रांगेतून अरविंदनं किंचित मान वर केली. नलिनीनं समई जरा उंच धरली. तो अगदी नम्रपणे, हळू आवाजात तिला म्हणाला, "सुनिए... ते जरा दिवा... पडद्यावर पडून राहिलाय."

"अगं हो, दिवा आत ने!" मार्तंडराव ओरडले. "बॉल दिसत नाही इथं!"

पिढ्यानपिढ्यांचा रिवाज एका वाक्यात आत गेला. नलिनी वळली. कोनाडा राहिला, नमस्कार राहिला. स्वयंपाकघरात येऊन तिनं समई ओट्यावर ठेवली आणि फुंकर मारून विझवली.

"फुंकलीस?" माई पांढरी पडली. त्या घरात दिवा फुलानं शांत करत, फुंकत कधी नसत. "आजच्या दिवशी?"

"त्यांना रिफ्लेक्शन येत होतं," नलिनी म्हणाली. डोळ्यांत आलेलं पाणी तिनं कांद्यावर ढकललं. कांदा केव्हाच चिरून झाला होता, तरी माईनं तो खोटेपणा चालू दिला.

पोह्यांचं ताट बाहेर गेलं ते हातोहात. पहिली बशी पाहुण्यांसाठी म्हणून निघाली आणि खिडकीत पोचली. पाहुण्यांपर्यंत काय गेलं ते कळायला मार्ग नव्हता. अंधारातून एकच अभिप्राय आला, "नमक कम है," आणि तो पाहुण्यांचा नव्हता. खाणाऱ्याची नजर चेंडूवर, बशी छातीशी, आणि पोहे कुणाच्या मांडीवर पडतायत याची कुणालाच फिकीर नाही. अरविंदच्या बुशशर्टावर शेवेचे दोन दाणे शेवटपर्यंत चिकटून राहिले.

ते नलिनीला दिसत होते, कारण ती आता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्या जागेवरून पडदा दिसत नव्हता. दिसत होते फक्त पाहणारे. मॅच तिनं पाहिलीच नाही, ती पाहिली चेहऱ्यांवर. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला असं झालं, की पाहायला आलेला मुलगा समोर बसलाय, उजेड बरोबर त्याच्या तोंडावर पडलाय, आणि आपण हवं तितका वेळ त्याच्याकडे पाहू शकतो. कुणी काही म्हणणार नाही. कुणाचं लक्षच नाही.

म्हणून तिनं पाहिलं. सुरुवातीला मायेनंच पाहिलं. टोपीवाल्यानं पॉइंट घेतला की मार्तंडराव टाळी देत, आणि अरविंदही टाळी देई. पट्टीवाल्यानं घेतला की यशवंतराव मांडीवर थाप मारत, आणि अरविंदही मारी. किती सभ्य, असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की टाळी द्यायच्या आधी तो पडद्याकडे पाहत नाही, वडिलांकडे पाहतो. नाहीतर मार्तंडरावांकडे. ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे. पट्टीवाला एकदा सपशेल तोंडावर पडला, खिडक्या हसल्या, तेव्हा अरविंद हसला. यशवंतराव म्हणाले, "हसायला काय झालं?" त्याबरोबर तो दुःखी झाला. इतक्या झटपट दुःखी झालेला माणूस नलिनीनं पाहिला नव्हता.

फोटोतला तो निगर्वीपणा काय होता, ते तिला आता कळत होतं. चेहऱ्यावर आव नव्हता, कारण कसला आणायचा ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅच पाचव्या सेटमध्ये गेली. पंख्याखाली माणसांचा वास दाटला. आणि तेव्हा तो चेंडू पडला. पट्टीवाल्यानं मारलेला, टोपीवाल्याच्या मागच्या रेषेपाशी. पंच म्हणाला, बाहेर. पट्टीवाला त्याच्या खुर्चीपाशी जाऊन हातवारे करू लागला, आणि इकडे यशवंतराव उठून उभे राहिले.

"आत होता! चुना उडाला! मी डोळ्यांनी बघितला उडताना!"

"बाहेर होता," मार्तंडराव खुर्चीतूनच म्हणाले. "रेष म्हणजे रेष, यशवंतराव. तिच्या पलीकडे गेला की बाहेर."

"रेषेचं तुम्ही मला सांगू नका, अबदागिरे!" यशवंतरावांच्या मिशा थरथरल्या. "नालीला रेष समजून आमचा ओटा कुणी फोडला? तुमच्या आजोबांनी!"

टीव्हीवरचा इंग्रज तेवढा बोलत राहिला. अक्कानं पदर तोंडाला लावला आणि ती हळूच दोन बायकांच्या मागे सरकली.

देवासात एके काळी दोन राज्यं होती. शहर एकच, पण रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती आणि त्या बाजूला धाकटी, मधली नाली ही हद्द. राजे दोन, चोपदार दोन, हत्ती दोन. राज्यं विलीन होऊन चाळीस वर्षं होत आली, तरी म्हातारी माणसं नाली ओलांडताना अजून परदेशी गेल्यासारखा चेहरा करत.

"तुम्ही... तुम्ही त्या चोपदारांपैकी?" मार्तंडराव उठले. "धाकट्या पातीचे? अक्का! धारचं स्थळ म्हणालीस ना तू?"

"धारचंच आहे," बायकांच्या मागून आवाज आला. "आता धारलाच राहतात ना ते."

"का गेलो आम्ही धारला? ओटा राहिला नाही म्हणून गेलो!" यशवंतराव म्हणाले. "पहार घेऊन आले तुमचे आजोबा. चार बोटं ओटा पुढं आला, तर पहार!"

"थोरल्या पातीत आला होता तो!"

"नव्हता आला!"

"नालीच्या अलीकडे होता!"

"ओटा तो बाहर ही था," जगदेवराव मध्येच म्हणाले. "मेरे बाप ने देखा था."

"आत होता!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं. तो माणूस चेंडूबद्दल बोलत होता की ओट्याबद्दल, ते कुणी विचारलं नाही. निम्मी खोली आत म्हणू लागली, निम्मी बाहेर. जन्मात टेनिस न पाहिलेली आणि तो ओटाही न पाहिलेली माणसं एकमेकांच्या तोंडाशी हात नेऊन रेष कुठं होती ते सांगत होती. पडद्यावरच्या पंचानं केव्हाच पुढचा खेळ सुरू केला होता.

"थांबा!" यशवंतरावांनी हात वर केला. "माझा अरविंद सांगेल. शिकलेला पोरगा आहे, खोटं बोलायचा नाही. सांग रे. बॉल आत होता की बाहेर?"

सगळे अरविंदकडे वळले. चौकटीपाशी नलिनीही. अजूनही तिची आशा सुटली नव्हती, हे तिला स्वतःलाच खरं वाटेना. काहीही म्हण, तिनं मनातल्या मनात विनवलं. आत म्हण, बाहेर म्हण. माझ्या बापाला खोटं पाड, नाहीतर तुझ्या बापाला पाड. पण एक काहीतरी म्हण.

अरविंदनं वडिलांकडे पाहिलं. मग मार्तंडरावांकडे. मग पुन्हा वडिलांकडे.

"वैसे पाहिलं तर," तो म्हणाला, "बाबांचंही बराबर आहे आणि काकांचंही बराबर आहे. बॉल रेषेवरच होता. मतलब, अर्धा आत, अर्धा बाहेर."

"आणि ओटा?" मार्तंडराव गरजले.

अरविंदनं पुन्हा दोघांकडे पाहिलं. "ओटा पण."

नलिनीला हसू फुटलं. हसल्यावर आपण मोठ्या दिसतो, हे आठवूनही ते आवरेना. आठवडाभर पुस्तकात जपलेला माणूस तिच्यासमोर अर्धा आत, अर्धा बाहेर बसला होता, अंगावर शेवेचे दाणे घेऊन. हसता हसता तिला आठवलं: या माणसासाठी आपण देवाला हात जोडले होते.

ती बायकांमधून वाट काढत अक्कापाशी गेली आणि कानात म्हणाली, "अक्का, मला हा मुलगा नको."

"चुप," अक्का म्हणाली. "मॅचपॉइंट आहे." मॅचपॉइंट म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. पण सगळे तसं म्हणत होते आणि सगळ्यांचे श्वास अडकले होते.

नलिनी खुर्चीपाशी गेली. "दादा, मला हा मुलगा पसंत नाही."

"हं. हं. मग बोल," मार्तंडराव म्हणाले. "सरक जरा."

ती सरकली नाही. ती टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांकडे तोंड करून, वर्गात बोलते तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला लग्न करायचं नाही यांच्याशी."

खोलीतल्या सगळ्या माना एकदम डावीकडे झुकल्या. तिच्या कमरेच्या बाजूनं पडदा दिसतो का ते पाहायला. ती जरा हलली, तशा सगळ्या उजवीकडे झुकल्या. थोरली पाती, धाकटी पाती, खिडक्या, अक्का, सगळ्यांच्या माना एका तालात. त्यात अरविंदचीही होती.

"काय म्हणत्येय?" यशवंतरावांनी विचारलं.

"काही नाही, चहाचं विचारत्येय," मार्तंडराव म्हणाले. "घेऊ, घेऊ. आधी बाजूला हो, नले!"

नलिनी बाजूला झाली. स्वयंपाकघरात गेली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं, साखर घातली. माई एका कोपऱ्यात पाटावर बसून डुलक्या घेत होती. बाहेर कुणीतरी, "आता! आता!" म्हणून किंचाळलं. नलिनीनं स्टूल ओढलं, त्यावर चढली, डबे बाजूला केले आणि मेन स्विचचा खटका खाली ओढला.

"लाइट गेली!"

तो आक्रोश असा होता, की मेल्या माणसालाही इतकं कुणी रडत नसेल. मग शिव्या झाल्या. वीज मंडळाला, सरकारला, मग एकूण जमान्याला. मग सगळे दमले आणि अंधारात बसून राहिले.

"पट्टीवाला जिंकला असणार," यशवंतरावांचा आवाज आला.

"टोपीवाला," मार्तंडराव म्हणाले. पण त्यात पहिल्यासारखा जोर नव्हता. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "फार मोठा होता का हो तुमचा ओटा?"

"दोन माणसं बसतील एवढा," यशवंतराव म्हणाले. "तुम्ही भांडलात, बरं वाटलं. धारला कुणी भांडत नाही हो. पाती म्हणजे काय तेच कुणाला माहीत नाही. या अरविंदला सांगायला गेलं तर हो हो म्हणतो."

"इथं तरी कोण ऐकतं?" मार्तंडराव म्हणाले. अंधारात दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच सुस्कारा टाकला. मग यशवंतरावांनी घसा साफ केला. "मार्तंडराव, मुलगी आम्हाला पसंत आहे."

"अहो, पण पाहिली कुठं आपण?" जानकीबाई म्हणाल्या.

"पाहायचंय काय त्यात? अबदागिऱ्यांची आहे. दर रविवारी येत जाऊ आपण."

"या ना! खुर्ची तुमची!" मार्तंडराव म्हणाले. आयुष्यभर कुणी त्यांच्याशी इतकं मनापासून भांडलं नव्हतं. "जावईबापू, तुमचं काय?"

"माझंही तेच," अरविंद म्हणाला.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. "बधाई हो भिया!" जगदेवराव ओरडले. स्वयंपाकघरात नलिनीनं हे सगळं ऐकलं. चहा उकळला होता. तिनं तो एका कपात गाळला, गॅसच्या निळ्या उजेडात, आणि कप घेऊन बाजूच्या खिडकीशी गेली. बाहेर गल्लीत सगळीकडे दिवे होते. शेजारी जगदेवरावांच्या रिकाम्या घरात बल्ब जळत होता, कोपऱ्यावर म्युनिसिपालिटीचा दिवा होता. एकानं कुणी नुसती मान वळवून मागं पाहिलं असतं, तरी कळलं असतं. पण खिडक्यांतलेसुद्धा उजेडाकडे पाठ करून काळ्या पडद्याकडे बघत होते.

"नले!" मार्तंडरावांची हाक आली. "दिवा घेऊन ये गं! सासऱ्यांना नमस्कार कर!"

"दिवा नाही, दादा. मघाशी आत न्यायला सांगितला होता, तो विझवला."

"मग कंदील?"

"रॉकेल नाही."

मग जानकीबाईंचा थकलेला आवाज आला. "अहो, मुलीला विचारा तरी एकदा. तिच्या मनात काय आहे ते."

"हो, हो, विचारतो की. नले, तिथूनच सांग. तुझं काय म्हणणं आहे?"

"लाइट आली की सांगते."

"पण लाइट कधी येणार?"

"सांगता येत नाही," नलिनी म्हणाली, आणि तिनं चहात आणखी एक चमचा साखर घातली.